एजन्सीच्या माणसाचं आजारपण: रजेचा पगार कोणाच्या खिशातून?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. इंदूरमध्ये तुमची माणसं पुरवणारी एजन्सी आहे. पीथमपूरच्या एका कारखान्यात पॅकिंग आणि लोडिंगवर ४८ जण, विजयनगरच्या एका बॅक ऑफिसात १४ जण, आणि तुमच्या स्वतःच्या ऑफिसात पाच. फेब्रुवारीत पॅकिंगवरच्या एका मुलाला टायफॉइड झाला आणि तो ११ दिवस आला नाही. कारखाना म्हणतो, ‘जेवढी हजेरी तेवढं बिल, नो वर्क नो पे.’ मुलाचा भाऊ तुमच्या दारात उभा आहे. आजारी मुलगा तुमच्याकडे २० जुलैला लागला, त्याआधी देवासला दुसऱ्या ठेकेदाराकडे होता. तुम्हाला जाणून घ्यायचंय की आजारपणाची पगारी रजा देणं तुमच्यावर बंधनकारक आहे का, किती दिवसांची, आणि कारखाना देत नसेल तर पैसा आणायचा कुठून.

मी इंदूरमध्ये २६ वर्षं पगारपत्रकं आणि कामगार कायद्यांचं काम करतो आहे. त्यातली निम्मी वर्षं तुमच्यासारख्या एजन्सींसाठीच गेली. म्हणून उत्तर जरा लांब होईल, पण तुमच्या या एका मुलाला धरूनच सांगतो, म्हणजे बाकीच्या ६१ जणांचंही त्यात येईल.

आधी एक गाठ सोडवू. कारखान्याने तुम्हाला बिल देणं हा एक व्यवहार आहे आणि तुम्ही त्या मुलाला पगार देणं हा दुसरा. दोन्ही एकमेकांना बांधलेले नाहीत. ‘नो वर्क नो पे’ हे कारखान्याने तुमच्याशी ठरवलं आहे, त्या मुलाशी नाही. त्याच्या नियुक्तीपत्रावर तुमच्या एजन्सीचं नाव आहे, पगार तुमच्या खात्यातून जातो, ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) चलन तुमच्या कोडवर भरलं जातं. त्याचे मालक तुम्ही आहात. काम कोणाच्या शेडखाली चालतं त्याने हे बदलत नाही.

हा नियम माणूस तुमच्या रोलवर, म्हणजे तुमच्या पगारपत्रकावर, असेल तेव्हाचा. तुम्ही फक्त उमेदवार शोधून दिलात, एकरकमी फी घेतलीत आणि तो कारखान्याच्या रोलवर गेला, तर त्याची रजा त्यांची. आपल्याकडच्या बऱ्याच एजन्सी दोन्ही कामं करतात आणि दोन्हींना एकच वर्क ऑर्डर लावतात. घोळ तिथूनच सुरू होतो. दोन कामांसाठी दोन करार ठेवा.

आता रजेबद्दल. खाजगी नोकरीतल्या प्रत्येकाला वर्षाला इतके दिवस पगारी सिक लीव्ह, असं एका ओळीत सांगणारा एकच कायदा आपल्याकडे नाही. कामगाराच्या हातात आजारपणात जे पडतं ते तीन ठिकाणांहून येतं: ईएसआयचा आजारपणाचा रोख लाभ, साठलेली वार्षिक पगारी रजा, आणि नियुक्तीपत्रात तुम्ही स्वतः कबूल केलेली सिक लीव्ह. तिन्ही नीट जुळवल्या तर महिना ३,००० ते ४,००० रुपयांनी खड्ड्यात जाणारं घर वाचतं. जुळवल्या नाहीत तर तिन्ही कागदावर असूनही मुलाला शून्य मिळतं. हे मी फार वेळा पाहिलंय.

ईएसआयपासून सुरू करतो, कारण तुमच्या मुलाचं खरं प्रकरण तिथेच आहे.

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे ते ईएसआयमध्ये येतात. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे. १ जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. तुमच्या मुलाचा पगार तुम्ही १५,००० लिहिलाय, म्हणजे तुमच्याकडून ४८८ रुपये आणि त्याच्याकडून ११३ रुपये दरमहा जातात. या पैशाच्या बदल्यात आजारपणात सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस मात्र धरत नाहीत. आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडला तरच ते दोन दिवस पुन्हा कापले जात नाहीत.

हा लाभ मिळायला अट आहे ती वर्गणीच्या एका सहामाही काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असण्याची. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हा वर्गणीचा एक काळ आणि त्यावरचा लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनमध्ये. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा दुसरा काळ आणि त्याचा लाभ १ जुलै ते ३१ डिसेंबरमध्ये. मुलगा फेब्रुवारीत आजारी पडला, म्हणजे त्याचे एप्रिल ते सप्टेंबरचे दिवस बघायचे. तुमच्याकडे तो २० जुलैला लागला. २० जुलै ते ३० सप्टेंबर मोजा: ७३ दिवस. पाच दिवस कमी पडले.

इथे बहुतेक एजन्सीवाले हात वर करतात आणि भावाला सांगतात, ‘भैया, तुझ्या भावाचं बसत नाही.’ पण थांबा. हा मुलगा देवासला होता. तिथे एप्रिल, मे, जून त्याची वर्गणी गेली असेल तर ते दिवस त्याचेच आहेत. ईएसआयमध्ये वर्गणी माणसाच्या दहा आकडी विमा क्रमांकावर जमा होते. मालक बदलला तरी क्रमांक तोच राहतो आणि दिवस एकत्र मोजले जातात. देवासचे तीन महिने धरले की तो ७८ च्या कितीतरी पुढे गेला.

हे सगळं तुमच्या ऑफिसने जुना क्रमांक लावला असेल तरच खरं. नवा क्रमांक काढला असेल, आणि मला भीती आहे की काढला असेल, तर ईएसआयच्या पोर्टलच्या नजरेत तो आयुष्यात पहिल्यांदाच विम्याच्या नोकरीत आलेला माणूस ठरतो. अशा माणसाचा लाभाचा काळ नोकरी लागल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो. २० जुलै अधिक नऊ महिने म्हणजे २० एप्रिल. फेब्रुवारीतल्या टायफॉइडला त्याला रोख एक रुपयाही मिळणार नाही. औषधोपचार मात्र पहिल्या दिवसापासून मिळतात, हे त्याला आवर्जून सांगा. पुष्कळ जण ‘ईएसआय लागू झालं नाही’ ऐकतात आणि खाजगी दवाखान्यात पैसे घालून येतात.

हा नवा क्रमांक काढण्याचा प्रकार मला रात्री झोपू देत नाही, कारण एकदा तो माझ्याच ऑफिसातून झाला. २००९ मधली गोष्ट. एक हमाल मुलगा एकाच ठेकेदाराकडे दोन साइटवर काम करत होता. साइट बदलली तेव्हा आमच्या मुलाने फॉर्म भरताना जुना क्रमांक विचारलाच नाही आणि नवा काढला. त्याला कावीळ झाली तेव्हा एका क्रमांकावर ४४ दिवस आणि दुसऱ्यावर ५१ दिवस. मिळून ९५ होत होते, पण वेगळे धरले तर दोन्ही ७८ च्या खाली. अर्ज नामंजूर झाला. दोन्ही क्रमांक एकत्र करून घ्यायला आम्हाला चार महिने लागले, आणि तोपर्यंत त्याच्या बायकोने मंगळसूत्र गहाण टाकलं होतं. त्या दिवसापासून भरतीच्या फॉर्मवर मी पहिला प्रश्न ‘पूर्वी कुठे ईएसआय कापला जात होता का?’ हाच ठेवलाय. आज आधार जोडलेला असतो म्हणून हे पकडणं सोपं झालंय, पण घाईच्या भरतीत, एका दिवसात वीस जण पाठवायचे असले की अजूनही होतं.

आता पैशांचा हिशेब मांडतो. तीस दिवसांच्या हिशेबाने त्याचा रोज ५०० रुपये. त्याचे ७० टक्के म्हणजे ३५०. अकरा दिवसांचा पूर्ण पगार ५,५०० होतो. पहिले दोन दिवस सोडून ९ दिवसांचा ईएसआय लाभ ३,१५०. ते दोन दिवस तुम्ही त्याच्या साठलेल्या पगारी रजेतून द्या, १,०००. असे ४,१५० त्याच्या हातात पडतात. हे रजा आणि लाभ जोडून वापरणं पूर्ण नियमात बसतं. नियम एवढाच की ज्या दिवसाचा पगार रजा म्हणून तुम्ही दिला, त्याच दिवसाचा आजारपणाचा लाभ ईएसआयकडून घेता येत नाही.

साठलेली रजा त्याच्याकडे आहे का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत वार्षिक पगारी रजेसाठी वर्षात १८० दिवस काम धरलंय. त्याआधीच्या फॅक्टरी कायद्यात ते २४० होते. प्रमाण तेच, कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस. वर्षाच्या मध्ये लागलेल्यांचा हिशेब उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात करायचा. तुमच्या मुलाचे जुलै ते डिसेंबर साधारण १४० कामाचे दिवस भरले असतील, तर त्याची ७ दिवसांची रजा उभी आहे. एजन्सीच्या माणसासाठी २४० चे १८० होणं ही मोठी गोष्ट आहे. सात-आठ महिन्यांनी साइट बदलणारी आपली मुलं पूर्वी वर्षानुवर्षं या अटीच्या अलीकडेच राहायची.

मग त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. दोन दिवस रजा आणि नऊ दिवस ईएसआय घेतलं तर ४,१५० मिळतात आणि ५ दिवस रजा शिल्लक राहते. सातही दिवस रजा आणि उरलेले चार दिवस ईएसआय घेतलं तर ३,५०० आणि १,४०० मिळून ४,९०० मिळतात, पण रजा संपते. काय करायचं ते त्याने ठरवायचं, तुम्ही नाही. फोन करून दोन्ही आकडे सांगा, हिंदीत सांगा, आणि त्याचं उत्तर लिहून ठेवा. ‘वार्षिक रजा आधी अर्ज केल्याशिवाय मिळत नाही’ असं तुमचा सुपरवायझर म्हणेल. फॅक्टरी कायद्यातही आजारपणासाठी मागितलेली रजा १५ दिवस आधीच्या अर्जाशिवाय द्यायचं कलम ७९ मध्येच लिहिलेलं होतं. टायफॉइड कोणी १५ दिवस आधी कळवत नाही.

कागद कोणते लागतील? ईएसआयच्या डिस्पेन्सरीचं प्रमाणपत्र. त्याने खाजगी डॉक्टरची चिठ्ठी आणली असेल तर ती टाकून देऊ नका, पण आजच त्याला डिस्पेन्सरीत पाठवा. अजून अशक्तपणा असेल तर पुढचे दिवसही तिथूनच लिहून येतील. पीथमपूर-महू भागात राहणाऱ्यांना नंदानगरचं ईएसआय रुग्णालय लांब वाटतं आणि ते जायचा कंटाळा करतात. तुमचा एक माणूस पहिल्या वेळी सोबत द्या. दाव्यानंतर तुमच्याकडे अनुपस्थितीची पडताळणी येते: कोणत्या तारखांना तो आला नाही आणि त्यातल्या कोणत्या दिवसांचा पगार तुम्ही दिला. ही विचारणा तुमच्या लॉगिनवर पडून राहिली तर त्याचे पैसेही तिथेच पडून राहतात. तुमच्या ऑफिसात हे कोण बघतं, त्याचं नाव ठरवून टाका.

एक सांगायलाच हवं, कारण चांगली माणसं ही चूक करतात. साइटवरचा सुपरवायझर दयेपोटी आजारी मुलाची हजेरी लावून टाकतो. ‘गरीब आहे बिचारा, पगार नको कापायला.’ त्या हजेरीमुळे कारखान्याला खोटं बिल जातं, ईएसआयच्या नोंदीत तो कामावर दिसतो, आणि मग त्याच तारखांचा दावा केला तर खोटं निवेदन केल्याचा ठपका त्या मुलावर येतो. त्याला मदत करायची तर हजेरीत स्पष्ट ‘आजारी’ लिहा आणि वर सांगितलेल्या वाटेने पैसे मिळवून द्या.

याच्या उलट आणखी वाईट प्रकार म्हणजे अपघाताला आजारपण लिहिणं. लोडिंगवर बोट चेंगरलं, पाय मुरगळला, आणि कारखान्याचा माणूस फोन करतो की ‘अपघात दाखवू नका, चार दिवस सिक लीव्ह टाका.’ टाकू नका. कामावरच्या इजेसाठी ईएसआयमध्ये वेगळा लाभ आहे, पगाराच्या ९० टक्के, आणि त्याला ७८ दिवसांची अट नाही. पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी लागू. पुढे त्या बोटात कायमचा दोष राहिला तर अपघाताची नोंद हाच त्याचा आधार असतो, आणि ती नंतर तयार करता येत नाही. घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघातही २०१० च्या दुरुस्तीपासून यात धरला जातो. रोज पहाटे इंदूरहून पीथमपूरला जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे विसरू नका. यासाठीच माणूस साइटवर पाठवायच्या आधी त्याचा क्रमांक लागलेला हवा, पहिला पगार झाल्यावर नव्हे.

लांबच्या आजारपणाबद्दल थोडक्यात. टीबी, कर्करोग यांसारख्या ३४ ठरलेल्या आजारांना ९१ दिवसांनंतरही ८० टक्के दराने लाभ चालतो, दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची सलग विम्याची नोकरी आणि मागच्या चार वर्गणी काळांत १५६ दिवस लागतात. इथेही पुन्हा तो एकच विमा क्रमांक. बाळंतपण हा वेगळा विषय आहे, ते सिक लीव्हमध्ये कधीच मोजायचं नाही.

बॅक ऑफिसच्या १४ जणांचं काय? तुम्ही लिहिलंय त्यांचा पगार २४,००० आहे, म्हणजे ते ईएसआयच्या बाहेर. (मध्येच पगार वाढून २१,००० ओलांडलेला कोणी असेल तर तो चालू वर्गणी काळ संपेपर्यंत आतच राहतो. नोव्हेंबरात वाढ दिली तरी ३१ मार्चपर्यंत कापायचं.) बाहेरच्यांना तुम्ही मेडिक्लेम दिलाय म्हणून निश्चिंत आहात, पण मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, घरी पडून राहिलेल्या दिवसांचा पगार देत नाही. या मुलामुलींना आधार दोनच: राज्याच्या १९५८ च्या दुकान आणि स्थापना कायद्याखालची रजा, आणि तुमचं नियुक्तीपत्र. माझा सल्ला असा की नियुक्तीपत्रात वर्षाला ७ दिवस पगारी सिक लीव्ह वेगळी लिहा, वार्षिक रजेत न मिसळता. मिसळली की माणूस दिवाळीसाठी रजा राखायला तापात कामावर येतो आणि शेजारच्या चौघांना पाडतो.

आणि हीच ७ दिवसांची ओळ पॅकिंगच्या ४८ जणांनाही द्या. ईएसआय आहे मग कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण तो नऊ महिन्यांचा खड्डा. आपल्याकडे येणारी बरीच मुलं खरोखर पहिल्यांदाच नोकरीला लागतात. खरगोन, झाबुआ, धारच्या गावांतून थेट आलेली. त्यांचा जुना क्रमांक नसतोच. पहिले नऊ महिने आजारी पडले तर ईएसआयकडून रोख काही नाही आणि वार्षिक रजाही नुकतीच साठायला लागलेली. त्या काळात तुमची सिक लीव्ह एवढाच त्यांचा आधार, आणि नेमके याच महिन्यांत मुलं आजारी पडतात, नवी खोली, बाहेरचं जेवण, रात्रपाळी. काही एजन्सी ‘प्रोबेशन संपल्यावर सिक लीव्ह’ लिहितात. मला ते अजिबात पटत नाही. ज्या काळात दुसरा आधार नाही त्याच काळात आपला आधार काढून घेण्यासारखं आहे ते.

आता तुमचा शेवटचा आणि खरा प्रश्न, पैसा कुठून आणायचा. उत्तर कडू आहे: तो आजारपण आल्यावर आणता येत नाही, दर ठरवतानाच आणायला हवा होता. हिशेब करून बघू. १५,००० च्या माणसाला ७ दिवस सिक लीव्ह म्हणजे वर्षाला ३,५००, महिन्याला सुमारे २९२ रुपये, पगाराच्या दोन टक्क्यांच्या आतच. वार्षिक रजा ३०० कामाच्या दिवसांमागे १५ दिवस, म्हणजे ७,५००, महिन्याला ६२५. मिळून माणशी ९१७ रुपये. तुमच्या दरपत्रकात मूळ पगार, पीएफ, ईएसआय, बोनस आणि सर्व्हिस चार्ज आहेत, रजेची ओळ नाही. ती नसल्यामुळे प्रत्येक रजा तुमच्या सर्व्हिस चार्जमधून जाते, आणि मग रजा मागणारा माणूस तुम्हाला नुकसान करणारा वाटू लागतो. चांगल्या मनाच्या मालकिणीलाही वाटू लागतो. चूक त्या माणसाची नसते, दरपत्रकाची असते.

कारखान्यासमोर दोन पर्याय ठेवा. एक, दरमहा माणशी ९१७ रुपयांची रजेची ओळ बिलात लावा आणि रजेचा सगळा भार तुमचा. दोन, ओळ लावू नका, पण प्रत्यक्ष घेतलेली पगारी रजा कामाचा दिवस धरून बिल होईल. मोठ्या कंपन्या बहुधा पहिला घेतात, कारण त्यांच्या बजेटला ठराविक आकडा आवडतो. मनुष्यबळाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी पूर्ण रकमेवर लागतो, रजेच्या ओळीवरही. पण कारखान्याला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढा कर त्यांच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा होतो, म्हणून ते तिथे अडणार नाहीत. एका माणसाच्या रजेच्या दिवशी बदली दिलात तर त्या बदलीचं बिल स्वतंत्र होईल, हेही लिहा. नाहीतर ‘एकाच जागेचे दोन पगार कशाला’ हा वाद दर महिन्याला होतो.

करारात टाकायची भाषा साधी ठेवा. मी साधारण अशी लिहितो: ‘एजन्सीच्या कर्मचाऱ्याला देय असलेली पगारी रजा हा सेवादराचा भाग आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्या आजारपणाच्या कारणावरून कंपनी कर्मचारी परत पाठवण्याची मागणी करणार नाही. आजारपणाच्या काळात एजन्सी बदली कर्मचारी देईल आणि मूळ कर्मचारी बरा झाल्यावर त्याच जागी रुजू होईल.’ यातलं दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि त्यालाच सगळ्यात जास्त विरोध होतो. ‘हा मुलगा नको, दुसरा पाठवा’ हा फोन आला की एजन्सी मान डोलावते आणि त्या मुलाला पुढची साइट मिळेपर्यंत घरी बसवते. १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ मध्ये होतं की प्रमाणित आजारपणाच्या काळात कामगाराला काढायचं नाही, शिक्षा करायची नाही, आणि त्या काळात दिलेली नोटीसही चालणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक एजन्सीला ही ओळ मी आजही पाळायला लावतो.

कारखान्याचे एचआर म्हणतील, ‘तुमची माणसं, आमचा संबंध नाही.’ त्यांना शांतपणे आठवण करून द्या की ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे ज्याच्याकडे काम चालतं त्या कारखान्यावर, येते आणि मग ते ठेकेदाराकडून वसूल करतात. हे ठेका कामगार कायद्यात होतं, नव्या संहितांतही आहे. ईएसआयच्या वर्गणीचंही असंच, आधी मुख्य नियोक्ता जबाबदार. म्हणून दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत चलन भरून त्याची प्रत बिलासोबत जोडत जा. उशिराच्या वर्गणीवर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, ते परवडेल एक वेळ. पण वर्गणी वेळेवर दिसली नाही म्हणून आजारी माणसाचा दावा अडकला तर ते कशाने भरून काढणार?

आणखी एक प्रसंग पुढे येणारच आहे म्हणून सांगतो. कारखाना कधीतरी एजन्सी बदलेल, आणि तुमचे ४८ जण त्याच मशीनवर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाखाली उभे राहतील. त्या दिवशी त्यांची साठलेली रजा हवेत जात नाही. नोकरी संपली की पगार आणि रजेचे पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे आहेत. इंदूरमध्ये हे कोणाला समजावून सांगावं लागू नये. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली आणि कामगारांच्या देण्यांचे सुमारे २२४ कोटी २५ डिसेंबर २०२३ ला सुटले. ज्यांच्या वडिलांनी ही ३२ वर्षं मोजली, त्यांची मुलं-नातवंडं आज आपल्याच एजन्सींत नाव नोंदवायला येतात. त्यांना ‘बघू, पुढच्या महिन्यात करू’ म्हणताना माझी जीभ अडखळते.

तुमच्या ऑफिसातल्या पाच जणांना विसरू नका. दिवसभर इतरांच्या रजेचे फॉर्म भरणाऱ्या मुलीला स्वतःची किती रजा आहे हे माहीत नसतं, असं मी किमान चार एजन्सींत पाहिलंय. त्यांची नियुक्तीपत्रंही काढा आणि तीच ७ दिवसांची ओळ त्यांतही लिहा.

उद्या सकाळी उघडल्याबरोबर करायचं ते असं. मुलाला फोन करून देवासच्या नोकरीचा विमा क्रमांक विचारा. त्याच्याकडे जुनी पगाराची चिठ्ठी किंवा ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र) असेल, नसेल तर आधारवरून शोधता येतं. तो क्रमांक तुमच्या चलनातल्या क्रमांकाशी ताडून बघा. एकच निघाला तर त्याच दिवशी डिस्पेन्सरीचं प्रमाणपत्र आणि दावा. दोन निघाले तर दोन्ही एकत्र करण्याचा अर्ज नंदानगरच्या प्रादेशिक कार्यालयात द्या, चूक तुमच्या ऑफिसची होती असं स्पष्ट लिहून. तो अर्ज निकालात निघेपर्यंत त्याचे सात दिवस रजेतून लगेच द्या आणि उरलेल्या चार दिवसांचे १,४०० तुम्ही आगाऊ म्हणून द्या. दावा मंजूर झाला की तो परत करेल. नाही झाला तर ते पैसे सोडून द्या, कारण क्रमांक त्याने चुकवलेला नाही. आणि तो बरा होऊन आला की त्याला त्याच पॅकिंग लाइनवर उभा करा.